रेडिंग

ऑक्सफर्ड रोडवरच्या सर्जरीत
नर्स ग्लेनिसनं मला काट्यावर उभं केलं.
दहा स्टोन तेरा.
म्हटलं, माणसांच्या भाषेत सांगा.
तिनं स्क्रीन वळवली : एकोणसत्तर किलो, वर चारशे ग्रॅम.
उंची एकशे अडुसष्ट, बूट काढून.
वजनाला उंचीच्या मीटरनं भागायचं,
आलेल्याला पुन्हा उंचीनंच.
शाळेत माझा भागाकार कधी निःशेष गेला नाही,
इथंही नाही : चोवीस पॉइंट सहा.

छानच की!
आमच्या डेपोतल्या कीथचाही एवढाच आला होता.
मागच्या महिन्यात याच खुर्चीतून उठून गेला
आणि पास झाल्याच्या आनंदात
कँटीनमध्ये सगळ्यांना डोनट वाटले.

ग्लेनिसनं ड्रॉवरमधून दुसरा तक्ता काढला.
"तुमच्यासाठी हा."

कीथच्या तक्त्यावर पंचवीसपर्यंत हिरवं.
माझ्या तक्त्यावर तेविसालाच पिवळं लागतं,
साडेसत्तावीसला लाल.

इतकी वर्षं फॉर्मवर 'एशियन, इंडियन'च्या
चौकोनात खूण करत आलो;
वाटायचं, कागद फायलीत गेला की संपलं.
तो चौकोन यकृतापर्यंत पोचला असेल
हे ध्यानीमनी नव्हतं.
जरा चिडूनच विचारलं,
चरबीलासुद्धा पासपोर्ट लागतो का?

ती हसली नाही.
म्हणाली, काट्याला काय कळतं,
हाड, स्नायू, चरबी, त्याला सगळं सारखंच.
तुमच्याकडे त्याच वजनात चरबी जास्त निघते,
आणि बसते ती आत, पोटाच्या खोल कप्प्यात.
आरशाला दिसत नाही, साखरेला दिसते.
हा निकाल नव्हे. तुम्ही ड्रायव्हर ना?
बसमधली घंटा समजा.
थांब्याच्या आधी वाजते, म्हणून तर उपयोगाची.

मग टेप आली.
बरगड्यांच्या खाली, कमरेच्या हाडाच्या वर,
श्वास सोडा, पोट आत घेऊ नका.
बरोब्बर त्याच वाटेनं गेली
जिथून माझा करदोटा जायचा.
काळा, गोफाचा, दर वर्षी नवा.
आई गाठ मारताना दोन बोटं आत घालून बघायची
आणि उसासा टाकायची :
खाल्लेलं अंगी लागत नाही मेल्याच्या.
गल्लीत मला पाप्याचं पितर म्हणत.

लागलं गं आई. उशिरा लागलं, एकाच जागी लागलं.
चौऱ्याण्णव सेंटिमीटर.
नव्वदच्या आत हवं.
पोटापाण्यासाठी इथं आलो;
पाणी आभाळातून फुकट मिळतं,
पोट मात्र सतरा वर्षं स्टिअरिंगमागे बसून कमावलं.

साडेचार किलो उतरवायचे आहेत.
म्हणजे दुकानातल्या आट्याच्या पिशवीहून थोडे कमीच.
ती पिशवी तर मी
दोन मजले चढून आणतो, न थांबता.
सुटीच्या दिवशी केनेटच्या काठानं चालायला लागलोय,
हंस बाजूला होत नाहीत, मी होतो.
भात एक वाटी. वैजयंती वाटी सपाट भरते,
मी चमच्यानं दाबतो, ती बघते, बोलत नाही.

रविवारी आईचा व्हिडिओ कॉल.
कॅमेरा तिच्या कपाळावर, नेहमीसारखा.
"किती वाळलास रे!"
तिच्या डोळ्यांचा काटा
आयुष्यभर एकाच बाजूला झुकलेला.

आकडा सांगणार होतो, राहिला.
कारण एकदम आठवलं,
ती अठ्ठेचाळीस किलोची, दंडातून बांगड्या आरपार निघायच्या,
आणि तिला साखर निघाली तेव्हा
अख्खा वाडीभर चमत्कार झाला होता.
एवढीशी बाई, हिला कशी?
देवाला विचारलं, बाहेरचं बघितलं,
सासरच्यांना बोल लावला.
सगळ्यांच्या कमरेला गाठी मारणाऱ्या बाईची कंबर
कुणी मोजली नाही.

"आई, शिवणाच्या डब्यात ती पिवळी टेप आहे का गं अजून?"
"आहे की. का रे?"
"घेऊन ये."
कॅमेऱ्यात छत आलं, पंखा आला,
मग बराच वेळ
डब्यातली बटणं खडखडत राहिली.